काचपट्टीवरून : आकडा आला, पुढे काय?

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं कॅन्सरच्या 'जीन टेस्ट'बद्दलची आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट. उभी हयात सोलापुरात मायक्रोस्कोपसमोर गेली. औषध कोणतं घ्यायचं ते तुमचे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतील. रिपोर्टात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, तेवढं मी सांगते.

प्रश्न : माझ्या जाऊबाई ५४ वर्षांच्या आहेत. डाव्या स्तनातली २.१ सेंमीची गाठ काढली, काखेतल्या गाठींत (लसिकाग्रंथींत) काही निघालं नाही. ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह, हर-टू (वाढीचा इशारा घेणारं प्रथिन) निगेटिव्ह, ग्रेड २ (पेशी किती बिघडलेल्या दिसतात याच्या तीन पायऱ्यांतली दुसरी). डॉक्टर म्हणतात, २१ जीन्सची टेस्ट करा, मग केमोचं ठरवू. टेस्टचा खर्च लाखांत आहे. दीर म्हणतात, एवढे पैसे घालून नुसता आकडाच मिळणार असेल तर सरळ केमो घेऊन मोकळं होऊ. काय करावं? — एक वाचक, बार्शी

दीरांचा वैताग मला समजतो, पण केमो घेऊन कुणी 'मोकळं' होत नाही. औषधांचा खर्च, दर तीन आठवड्यांनी बार्शीहून जायचं-यायचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोजगार, पांढऱ्या पेशी उतरल्या की ॲडमिट होणं, हे सगळं धरून हिशोब मांडा. आणि हे सारं सोसूनही फायदा होणार नसेल तर? नेमका तोच प्रश्न ही टेस्ट विचारते.

आधी एक गोंधळ दूर करते. ही बीआरसीएची टेस्ट नाही. ती रक्तावर करतात आणि घराण्यात काही दोष चालत आला आहे का ते पाहतात. ही टेस्ट गाठीवर होते. त्यामुळे आकडा कितीही येवो, जाऊबाईंच्या मुलींनी त्यावरून स्वतःबद्दल काही ताडू नये. शरीरातल्या बहुतेक पेशींत जनुकं तीच असतात. कुठलं जनुक किती चालू आहे, यात फरक असतो. वाड्याच्या नकाशात बारा खोल्या दिसतात, पण रात्रभर दिवे कुठल्या खोलीत जळतात ते मीटर सांगतो. जनुक चालू झालं की त्यापासून आरएनए बनतो, आणि लॅब हा आरएनए मोजते.

२१ पैकी ५ जनुकं फक्त तुलनेसाठी असतात. खरी मोजायची १६. त्यातली ५ पेशींच्या विभाजनाचा वेग सांगतात, ४ हार्मोनशी संबंधित, २ हर-टूच्या गटातली, २ आजूबाजूच्या ऊतीत शिरण्याशी निगडित आणि उरलेली ३ सुटी. त्या तिघांत सीडी६८ नावाचं एक आहे. ते कॅन्सरच्या पेशींपेक्षा मॅक्रोफेज नावाच्या, आपल्याच संरक्षक पेशींचं माप जास्त देतं. म्हणजे गाठ मोजताना गाठीतले पाहुणेही मोजले जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या पत्रांत लागेल. या सगळ्यांतून ० ते १०० मधला एक आकडा काढतात. आकडा जितका मोठा तितका रोग उलटण्याचा धोका जास्त.

या आकड्याचा कस टेलरएक्स नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये लागला. १०,२७३ स्त्रियांनी त्यात नाव नोंदवलं, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सगळ्या जाऊबाईंसारख्याच होत्या : हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काख स्वच्छ. ११ ते २५ आकडा आलेल्या ६,७११ जणींच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला फक्त हार्मोनच्या गोळ्या, दुसऱ्याला केमो आणि गोळ्या. नऊ वर्षांनंतर रोग न उलटता असलेल्या पहिल्या गटात ८३.३ टक्के, दुसऱ्यात ८४.३. हयात असलेल्या ९३.९ आणि ९३.८. ऑन्कोलॉजीत इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र १६ ते २५ या टप्प्यात केमोचा थोडा फायदा दिसला. तो केमोमुळे पाळी थांबते म्हणून असावा, असा अनेकांचा कयास आहे. जाऊबाई ५४ च्या आहेत. आकडा २५ किंवा त्याखाली आला तर केमो टाळता येईल, २६ किंवा वर आला तर घ्यावी लागेल. त्या ट्रायलमध्ये २६ किंवा वर गेलेल्या फक्त १४ टक्के होत्या.

म्हणून त्यांच्यासाठी टेस्टला अर्थ आहे. सगळ्यांसाठी नाही. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) गाठीला ही टेस्ट लागूच नाही. हृदय इतकं अशक्त आहे की केमो देताच येणार नाही, तिथेही पैसे घालवू नयेत. टेस्ट लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा : आकडा कमी आला तर तुम्ही काय कराल, जास्त आला तर काय? दोन्हीची उत्तरं सारखीच आली तर टेस्ट करू नका.

पैशांचंही बोलू. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या पॅथॉलॉजिस्टांनी 'मॅगी' नावाची सूत्रं बसवली आहेत. साध्या रिपोर्टातले ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७ (विभाजनाचं माप देणारं प्रथिन), ग्रेड आणि गाठीचा आकार घातला की २१ जनुकांचा आकडा साधारण कुठे जाईल याचा अंदाज येतो, आणि तो फुकट. तो फारच खाली किंवा फारच वर आला तर पुष्कळ ऑन्कोलॉजिस्ट महागडी टेस्ट टाळतात. बंगळुरूची कॅनअसिस्ट नावाची टेस्टही आहे. ती आरएनए मोजत नाही, पाच प्रथिनांचे रंग पाहते. परदेशी टेस्टपेक्षा स्वस्त आहे, पण टेलरएक्सएवढ्या मोठ्या, चिठ्ठ्या टाकून केलेल्या ट्रायलचा आधार तिला नाही. डॉक्टरांपुढे ही दोन्ही नावं काढायला संकोचू नका.

आता माझ्या अखत्यारीतलं. ही सगळी सूत्रं साध्या रिपोर्टावर उभी आहेत आणि साधा रिपोर्ट फॉर्मॅलिनवर, म्हणजे गाठ टिकवून ठेवणाऱ्या द्रावणावर. गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी, आणि फॉर्मॅलिन गाठीच्या निदान दहापट. माझ्याकडे निमुळत्या तोंडाच्या लोणच्याच्या बरणीत कोंबलेले स्तन आले आहेत, वर बोटभर फॉर्मॅलिन. सलाईनमध्ये बुडवून एसटीच्या पार्सलने आलेलेही आहेत. अशा गाठीत आतला भाग सडतो, आरएनएचे तुकडे होतात, आणि ईआर पॉझिटिव्ह असूनही निगेटिव्ह दिसू शकतो. लाखाची टेस्ट मग त्या बरणीचा इतिहास वाचते. ऑपरेशनच्या आधी सर्जनला विचारा, 'गाठ कुठल्या डब्यात जाणार?' ते हसले तर हसू द्या.

प्रश्न : मी एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सची विद्यार्थिनी. टीसीजीए या कॅन्सरच्या जनुकांच्या खुल्या अमेरिकी डेटावर काम करताना असं दिसलं की एका कॅन्सरमध्ये एक जनुक जास्त चालू असलेल्या रुग्णांचं आयुष्य कमी आहे, पी व्हॅल्यू ०.००३ (संबंध नसतानाही योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात तीन). शिवाय गाठीतल्या सीडी८ पेशींशीही (रोगट पेशी मारणाऱ्या, संरक्षक टी पेशींशी) त्याचा संबंध दिसतो. सर म्हणतात, 'रोगाचं भाकीत आणि गाठीची इम्युनिटी सांगणारा नवा मार्कर' म्हणून पेपर पाठवू. तुम्हाला काय वाटतं? — एक विद्यार्थिनी, नांदेड

बाळ, पाठवण्याआधी जेवणानंतरच्या हसण्याची गोष्ट ऐक.

२०११ मध्ये ब्रुसेल्सच्या तीन संशोधकांनी, व्हेने, द्यूमाँ आणि देतूर यांनी, स्तनाच्या कॅन्सरचं भाकीत करणारे ४७ प्रसिद्ध जनुक-संच घेतले आणि शेजारी डोळे झाकून उचललेल्या जनुकांचे तेवढेच मोठे संच ठेवले. ४७ पैकी २८ संच त्या झाकल्या डोळ्यांच्या संचांपेक्षा सरस ठरले नाहीत. पुढची गंमत अशी, की जेवणानंतर हसल्यावर बदलणारी जनुकं आणि दांडग्या उंदरापुढे हार खाल्लेल्या उंदरांत बदलणारी जनुकं, हे दोन संचसुद्धा स्तनाच्या कॅन्सरचं भाकीत 'यशस्वीपणे' करत होते. पी व्हॅल्यू झकास. शंभराहून जास्त जनुकांचा संच असेल, तर कशीही उचला, दहातल्या नऊहून जास्त संच मार्कर ठरत होते.

कारण साधं आहे. भराभर विभाजन होणारी गाठ वाईट वागते, हे आम्ही मायटोसिस (विभाजन चालू असलेल्या पेशी) मोजून पूर्वीपासून सांगत आलो. विभाजन वाढलं की त्याच्या नादाने हजारो जनुकं वरखाली होतात. त्यातलं कुठलंही एक उचललंस तर ते आयुष्याशी जोडलेलं दिसणारच. तुझं जनुक काही नवं सांगतंय, की केआय-६७चंच म्हणणं दुसऱ्या आवाजात सांगतंय, हे आधी तपास. ग्रेड, स्टेज, वय आणि विभाजनाचं माप मॉडेलमध्ये घातल्यावरही तुझं जनुक टिकतंय का? आणि ब्रुसेल्सवाल्यांसारखं तूही कर : अशीच हजार जनुकं डोळे झाकून उचल आणि तुझं त्यांत कितवं येतं ते बघ. तुझ्या लॅपटॉपवर एका रात्रीत होईल.

दुसरं म्हणजे पी व्हॅल्यू. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. कशाचाच कशाशी संबंध नसला तरी ०.०५ च्या खाली त्यातली हजारेक निव्वळ नशिबाने येतील. टीसीजीएत ३३ प्रकारचे कॅन्सर आहेत. तू एकच जनुक, एकच कॅन्सर आधी ठरवून बसलीस, की सगळं चाळून जे चमकलं ते उचललंस? खरं उत्तर तुला माहीत आहे. 'जास्त' आणि 'कमी' यांची रेघ कुठे मारली तेही सांग. मध्यावर मारली असशील तर ठीक. रेघ सरकवत सरकवत जिथे आलेख सगळ्यात छान फाकतो तिथे थांबली असशील, तर त्या ०.००३ मधलं बरंचसं श्रेय त्या सरकवण्याला आहे.

आता इम्युनिटी. टीसीजीएत गाठीचा तुकडा वाटून त्यातला सगळा आरएनए एकत्र मोजला आहे. त्यात कॅन्सरच्या पेशी, तंतू बनवणाऱ्या पेशी, रक्तवाहिन्या आणि लिम्फोसाइट (टी पेशींसारख्या संरक्षक पांढऱ्या पेशी) सगळेच आले. सायबरसॉर्ट किंवा टायमरसारखी साधनं त्या मिश्रणावरून कुठल्या पेशी किती असतील याचा अंदाज करतात. तुझं जनुक मुळात टी पेशींमध्येच चालू असेल, तर सीडी८शी संबंध दिसणं म्हणजे टी पेशींचा टी पेशींशी संबंध. त्यात शोध कसला? सिंगल सेलच्या, म्हणजे एकेक पेशी वेगळी मोजलेल्या, खुल्या डेटात बघ, ते जनुक नक्की कुठल्या पेशीत चालू आहे. नाहीतर एखाद्या पॅथॉलॉजी विभागात जा, पंधरावीस ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) माग, त्या प्रथिनाचा अँटिबॉडीने रंग देऊन घे आणि डोळ्यांनी बघ. तुमच्या पिढीला काच बघायचा कंटाळा फार.

सीडी८ जास्त म्हणजे चांगलं, असंही धरून चालू नकोस. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते खरं आहे. पॅरिसच्या जेरोम गालाँ यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की गाठीच्या मध्यात आणि कडेला टी पेशी किती आणि कुठे आहेत यावरून पुढचं चांगलं कळतं; त्यातूनच इम्युनोस्कोअर नावाचं माप आलं. पण किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये सीडी८ची गर्दी बऱ्याचदा वाईट बातमी असते. तिथल्या टी पेशी थकलेल्या, आल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. तेच माप, अवयव बदलला की अर्थ उलटा.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं प्रकरण सरांनाही सांग. कुठली केमो कुणाला लागू पडेल हे जनुकांच्या मापावरून सांगतो, असे पेपर तिथून २००६ पासून येत होते. ह्यूस्टनच्या बॅगर्ली आणि कूम्ब्स या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी डेटा उसवून पाहिला, तर तक्त्यात जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली. काही ठिकाणी 'औषध लागू' आणि 'औषध लागू नाही' यांची लेबलंच उलटी. तोवर त्या आकड्यांवर खऱ्या रुग्णांच्या ट्रायल सुरू होत्या. त्या २०१० मध्ये थांबवल्या आणि पेपर मागे घेतले गेले.

पेपर पाठवू नकोस असं मी म्हणत नाही. दुसऱ्या, स्वतंत्र डेटावर तेच दिसलं तर पाठव. नाही दिसलं तर तेही लिहून पाठव, मी कौतुकाने वाचेन.

प्रश्न : माझ्या ४१ वर्षांच्या मुलीच्या बायोप्सीत 'ट्रिपल निगेटिव्ह, ग्रेड ३, स्ट्रोमल टिल्स ४० टक्के' असं आलं आहे. टिल्स म्हणजे इन्फेक्शन का? प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा सुरू केला आहे. डॉक्टर केमोबरोबर इम्युनोथेरपीही म्हणतात, पण त्यासाठीची पीडी-एल१ टेस्ट करत नाहीत. — एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

गुरुजी, इन्फेक्शन नाही. टिल्स म्हणजे गाठीत शिरलेले लिम्फोसाइट. कॅन्सरच्या घोळक्यांमधली जी मोकळी जागा असते तिला स्ट्रोमा म्हणतात. त्या जागेचा ४० टक्के भाग लिम्फोसाइटांनी व्यापला आहे. ट्रिपल निगेटिव्हमध्ये ही रिपोर्टातली त्यातल्या त्यात चांगली ओळ आहे. २०१९ मध्ये २,१४८ अशा स्त्रियांचा एकत्रित अभ्यास झाला. टिल्स जितके जास्त तितका रोग उलटण्याचा धोका कमी, असं त्यात दिसलं. मात्र त्या सगळ्यांनी केमो घेतली होती. तेव्हा ४० टक्के आहेत म्हणून केमो टाळू, असा अर्थ कृपा करून काढू नका.

पीडी-एल१चं तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. टी पेशीवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. कॅन्सरच्या किंवा आजूबाजूच्या पेशी पीडी-एल१ पुढे करून त्याला चिकटतात आणि टी पेशीला थोपवतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध पीडी-१ला आधीच धरून ठेवतं, त्यामुळे ते थोपवणं होत नाही. या वाटेच्या मूळ शोधासाठी जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर मिळालं. आता विचित्र वाटेल, पण ट्रिपल निगेटिव्ह रोग पसरलेला असेल तर हे औषध देण्याआधी पीडी-एल१ किती आहे ते पाहतात, आणि तुमच्या मुलीसारखा, ऑपरेशनआधीचा, न पसरलेला असेल तर पाहत नाहीत. न पसरलेल्या रोगाच्या ट्रायलमध्ये केमोबरोबर हे औषध दिल्यावर ६४.८ टक्के स्त्रियांच्या ऑपरेशनमध्ये कॅन्सर उरलाच नव्हता, नुसत्या केमोवर ५१.२ टक्के, आणि हा फायदा पीडी-एल१ असो-नसो, दोन्हीकडे होता. जो आकडा निर्णय बदलत नाही तो डॉक्टरांनी मागवला नाही, हे चांगलंच केलं.

काढा मात्र थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद मी इथे सोडवणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. इम्युनोथेरपीने मोकळ्या झालेल्या टी पेशी कधी थायरॉइडवर, कधी फुप्फुसावर, कधी यकृतावर उलटतात. उद्या मुलीचे एसजीपीटी (यकृताच्या इजेचं रक्तातलं माप) वाढले तर ते औषधाने की काढ्याने, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि तिचा पुढचा डोस अडकेल. आणखी एक : ४१ वय आणि ट्रिपल निगेटिव्ह म्हटल्यावर बीआरसीएची टेस्ट हवीच. तीत दोष निघाला आणि तिला बहीण असेल, तर बहिणीसाठीही.

प्रश्न : वडिलांना गालाचा कॅन्सर आहे, ऑपरेशन करायचं आहे. व्हॉट्सॲपवर आलं की एका औषधाने सगळेच्या सगळे रुग्ण बरे झाले. ते मिळेल का? आणि तोंडाच्या कॅन्सरची जीन टेस्ट कुठे करावी? — एक वाचक, अकोला

ते डोस्टार्लिमॅब, इम्युनोथेरपीचंच औषध. २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून बातमी आली : १२ रुग्ण, बाराही जणांची गाठ नाहीशी. बातमी खरी आहे. पण त्या सगळ्यांना गुदाशयाचा कॅन्सर होता आणि डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा त्यांच्या गाठीत बंद पडलेली होती. अशा गाठीत चुकांचा इतका ढीग साचतो की टी पेशींना ती सहज परकी वाटते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही अशा गाठी थोड्याच, तोंडात तर फारच विरळ.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवणारी जीन टेस्ट नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. तिथे भाकीत आमच्या साध्या रिपोर्टात असतं : गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे, कडा मोकळ्या आहेत का, मानेतल्या गाठींत रोग आहे का आणि असेल तर तो गाठीच्या वेष्टनाबाहेर पडला आहे का. मानेवरून आठवलं. लवकरच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी त्याच वेळी काढाव्यात की नंतर दिसल्या तर काढाव्यात, हा जगभरचा जुना वाद मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०१५ मध्ये निकालात काढला : आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात, थांबलेल्यांत ६७.५. सर्जनशी हे बोला, त्यात जास्त अर्थ आहे.

इम्युनोथेरपीची वेळ बहुतेकदा येते ती रोग ऑपरेशनपलीकडे गेल्यावर, आणि ती येऊ नये. त्यातही टाटाच्याच डॉक्टरांनी चांगलं काम केलंय. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या केमोबरोबर देऊन पाहिला. वर्षभरानंतर हयात असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेले. औषधाची किंमत एवढी असताना डोस कमी करून बघावा, हे सुचायला परळच्या ओपीडीतली गर्दीच पाहिलेली असावी लागते.

प्रश्न : बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक लॅबने परत दिला. तो फ्रीजमध्ये ठेवावा का? — एक वाचक, चंद्रपूर

गरज नाही. घरातल्या थंड, कोरड्या कपाटात, प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ठेवा. ब्लॉकवरचा नंबर पुसट झाला असेल तर डबीवर पेशंटचं नाव, तारीख आणि तो नंबर ठळक लिहा, आणि रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवा. दुसऱ्या मतासाठी मुंबई-नागपूरला नेताना ब्लॉक हातातल्या पिशवीत असू द्या. मे महिन्यात चंद्रपुरात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मेण मऊ होतं. आणि सगळे ब्लॉक एकाच लॅबला एकदम देऊ नका; निदान एक घरी ठेवा.